एका फोल्डरसाठी आख्खे मशीन उतरवावे लागले: व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप आणि फाइल परत मिळवण्याची सोय कशी लावावी?

धंतोलीकर (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार. नागपुरातील धंतोलीच्या एका सीए कार्यालयाची संगणक व्यवस्था मी सांभाळतो. कार्यालयात एकच सर्व्हर आहे, त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) चालते आणि त्यात तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे आभासी संगणक, आहेत. पहिल्यावर विंडोज सर्व्हर असून त्यात टॅलीचा डेटा आणि सर्वांच्या सामायिक फाइली आहेत, दुसऱ्या लिनक्स मशीनवर कागदपत्रांच्या नोंदींचा पोस्टग्रेस डेटाबेस आहे, आणि तिसरे लहानसे विंडोज मशीन हजेरीच्या यंत्रासाठी ठेवलेले आहे. दर रविवारी तिन्हींचा पूर्ण बॅकअप कोपऱ्यातल्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीवर) जातो आणि जागा कमी असल्यामुळे प्रत्येकाच्या दोनच प्रती राहतात. दर सोमवारी सकाळी ‘काम यशस्वी’ असा मेल येत असे आणि तो वाचून मी चहाला जात असे.

गेल्या महिन्यात कळमन्याच्या एका धान्य व्यापाऱ्यांच्या कंपनीचा टॅलीतला फोल्डर एका आर्टिकल विद्यार्थ्याच्या हातून चुकून पुसला गेला. हे लक्षात यायला बारा दिवस गेले. फोल्डर जेमतेम ४० एमबीचा, परंतु तो काढण्यासाठी ६०० जीबीचे मशीन कुठेतरी पूर्ण उतरवणे भाग होते आणि सर्व्हरवर तेवढी मोकळी जागा नव्हती. एक डिस्क उसनी आणली, रात्रभर बसून मशीन उतरवले, आणि पहाटे पाहतो तर त्यात डी ड्राइव्हच नाही. ती डिस्क पूर्वी तात्पुरत्या कामासाठी जोडलेली असताना तिच्या सेटिंगमधील ‘बॅकअप’ची खूण कोणीतरी काढली होती. पुढे त्याच डिस्कवर टॅली हलवले गेले आणि खूण काढलेलीच राहिली. शेवटी व्यापाऱ्यांच्या मुनीमजींनी स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवलेल्या प्रतीने आमची अब्रू वाचवली.

आता नव्याने मांडणी करायची आहे. एकच फाइल वा फोल्डर काढण्याची सोय हवी, किती दिवसांच्या प्रती ठेवाव्यात याचा अंदाज हवा, आणि कार्यालयाबाहेरची एक प्रत हवी. खर्चाला मर्यादा आहे. एक नवे मशीन घेता येईल, दोन कदाचित. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

हिंगणारोड, सोमवार, रात्री १०.३५

आपला अनुभव प्रांजळपणे लिहिल्याबद्दल आभार. हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात हीच मांडणी मी काही वर्षांपासून वापरत आहे.

पहिली गोष्ट, त्या रविवारच्या कामाच्या लॉगमध्ये ती डिस्क वगळल्याची ओळ प्रत्येक वेळी आलेलीच असणार. वगळणे ही सेटिंगप्रमाणे झालेली कृती असल्यामुळे प्रॉक्समॉक्सच्या दृष्टीने ती चूक नाही, म्हणून मेल हिरवाच राहिला. डेटासेंटरच्या बॅकअप विभागात कामाचा तपशील उघडला की कोणत्या मशीनची कोणती डिस्क घेतली जाते आणि कोणती नाही, हे दिसते. तसेच कोणत्याच कामात न बसलेली मशीन वेगळी दाखवण्याचीही तिथेच सोय आहे. आज रात्रीच ती दोन्ही पाने पाहून घ्या. एक इशाराही देतो: यूएसबी उपकरण किंवा डिस्कचा आख्खा कंट्रोलर पासथ्रू करून, म्हणजे थेट मशीनच्या ताब्यात, दिले असेल, तर ते या बॅकअपमध्ये येतच नाही. त्याची व्यवस्था मशीनच्या आतूनच करावी लागते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही वापरत आहात तो व्हीझेडडम्प, म्हणजे प्रत्येक वेळी आख्खे मशीन एका व्हीएमए फाइलीत बांधून ठेवणे. अशा फाइलीत प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावरून आत शिरून एखादी फाइल उचलता येत नाही. ती सोय प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरच्या प्रतींसाठीच आहे. या सर्व्हरची पहिली स्थिर आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली आणि फाइल रिस्टोअरचे बटण प्रॉक्समॉक्स ६.४ बरोबर एप्रिल २०२१ मध्ये आले. सॉफ्टवेअर मुक्त असून विनामूल्य वापरता येते. पैसे लागतात ते सशुल्क मदतीसाठी आणि व्यावसायिक रिपॉझिटरीसाठी (तपासून दिलेल्या सुधारित आवृत्त्यांच्या भांडारासाठी).

त्याची रीत अशी आहे की मशीनच्या डिस्कचे ४ एमआयबीचे ठरावीक तुकडे पाडले जातात, प्रत्येक तुकड्याची ओळख त्याच्या आशयावरून ठरते आणि एकसारखा तुकडा एकदाच साठवला जातो. त्यामुळे दुसऱ्या दिवसाची प्रत दिसायला पूर्ण असते, परंतु जागा घेते ती बदललेल्या तुकड्यांपुरती. शिवाय मशीन चालू असताना कोणता भाग बदलला याची नोंद क्यूईएमयू (मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रॉक्समॉक्समधला भाग) स्वतःच डर्टी बिटमॅपमध्ये ठेवते, म्हणून पुढच्या वेळी तेवढाच भाग वाचावा लागतो. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केले की ही नोंद पुसली जाते. त्यानंतरचा पहिला बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो, जरी पाठवतो नवे तुकडेच. आपल्याकडे मे महिन्यात एसीवर भार नको म्हणून शनिवारी रात्री सर्व्हर बंद करून जाणारी कार्यालये पुष्कळ आहेत. त्यांचा सोमवारचा बॅकअप लांबला तर घाबरू नये, कारण हेच असते.

बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवरच ठेवावा. त्याच होस्टवर (मशीन चालवणाऱ्या मूळ सर्व्हरवर) चौथे व्हर्च्युअल मशीन म्हणून बसवण्याचा मोह होतो, पण होस्ट गेला की चौघेही एकदमच जातात.

बर्डीवाला, मंगळवार, सकाळी ११.०५

एवढे सगळे कशाला? रोज संध्याकाळी एक स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली अवस्था) घ्यावा आणि गरज पडली की मागे जावे. आमच्या बर्डीच्या दुकानात दोन वर्षे हेच चालू आहे आणि काही अडले नाही.

महालकर, मंगळवार, दुपारी १२.५०

बर्डीवाला, अजून अडले नाही हे तुमचे दैव. स्नॅपशॉट मूळ डिस्क ज्या साठ्यावर असते तिथेच राहतो. साठा गेला तर दोन्ही जातात, आणि सर्व्हरवर कोणी घुसले तर तोही पुसू शकतो. शिवाय मागे जाणे म्हणजे आख्खे मशीन मागे नेणे. एका पुसलेल्या फोल्डरपायी बारा दिवसांचे बाकीचे काम कोण गमावणार?

धागाकर्त्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून एक खुलासा करतो. बॅकअपच्या कामात ‘स्नॅपशॉट’, ‘सस्पेंड’ आणि ‘स्टॉप’ अशा तीन पद्धती निवडता येतात. यातला स्नॅपशॉट हा साठ्यावरच्या स्नॅपशॉटपेक्षा वेगळा आहे. तो घेताना मशीन चालूच राहते, क्यूईएमयू डिस्क क्रमाने वाचत जाते, आणि अजून न वाचलेल्या भागावर मशीनला लिहायचे असेल तर तिथला जुना मजकूर आधी बॅकअपकडे पाठवून मगच नवे लिहू देते. यामुळे प्रत एकाच क्षणाची राहते. याची दुसरी बाजू अशी की बॅकअपचा साठा संथ असेल तर मशीनचे लिहिणेही त्याच्या चालीने चालते. जुन्या एनएएसवर भर दुपारी बॅकअप लावल्यावर ‘टॅली अडकते’ अशी तक्रार येते ती बहुधा याचमुळे. प्रॉक्समॉक्स ८.२ मध्ये, एप्रिल २०२४ मध्ये, यावर फ्लीसिंग नावाचा उपाय आला: जुना मजकूर आधी होस्टच्याच वेगवान साठ्यावर बाजूला ठेवला जातो आणि सवडीने बॅकअपकडे जातो. कामाच्या प्रगत पर्यायांत तो चालू करता येतो. मात्र होस्टवर तेवढी मोकळी जागा ठेवावी लागते.

दुसरी बाब गेस्ट एजंटची, म्हणजे मशीनच्या आत बसून होस्टशी बोलणाऱ्या लहान प्रोग्रॅमची. तो नसेल तर मिळणारी प्रत ही वीज अचानक गेल्यावर डिस्क ज्या अवस्थेत राहील तशी असते. एजंट असेल तर बॅकअप सुरू होण्याच्या क्षणी तो फाइल सिस्टीम क्षणभर गोठवतो, विंडोजमध्ये हे काम व्हीएसएस या विंडोजच्याच सेवेमार्फत होते, आणि अर्धवट लिहिलेले सारे डिस्कवर उतरते. एजंट दोन ठिकाणी चालू करायचा असतो: मशीनच्या पर्यायांत खूण करायची आणि मशीनच्या आत तो बसवायचा. विंडोजसाठी तो व्हर्टआयओ ड्रायव्हरांच्या आयएसओमध्ये (डिस्क-प्रतिमा फाइलीत) मिळतो. खूण केल्यावर मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे लागते. आतून रीस्टार्ट देऊन भागत नाही. अनेक जण इथेच फसतात आणि एजंट चालू आहे अशा समजुतीत वर्ष काढतात. मशीनच्या सारांशाच्या पानावर त्याचा आयपी पत्ता दिसू लागला, तर एजंट बोलतो आहे असे समजावे.

पोस्टग्रेसला वीज गेल्यासारख्या अवस्थेतून स्वतःच्या लॉगच्या आधारे सावरता येते, तरीही रोज रात्री बॅकअपच्या अर्धा तास आधी डेटाबेसचा डम्प (सगळ्या नोंदींची फाइलीतली नक्कल) त्याच मशीनवर काढून ठेवावा. मग एकाच तक्त्यातली नोंद हवी असताना आख्खा डेटाबेस उभा करण्याची वेळ येत नाही. टॅलीचा डेटा निव्वळ फाइलींचा असतो. तिथे सर्व जण बाहेर पडल्यानंतरची वेळ निवडणे एवढेच आपल्या हाती आहे.

धंतोलीकर (धागाकर्ता), मंगळवार, रात्री ८.२०

दोघांचेही मनापासून आभार. तपशिलाचे पान पाहिले; डी ड्राइव्ह तर वगळलेला होताच, पण लिनक्स मशीनची दुसरी डिस्कही वगळलेली निघाली, तिचा तर मला पत्ताच नव्हता. सांगायला लाज वाटते, परंतु लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल.

तीन शंका आहेत. नवी व्यवस्था उभी राहीपर्यंत एनएएसवरच्या जुन्या व्हीएमए फाइलींतून एखादी फाइल काढायची झाली तर मशीन उतरवण्यावाचून मार्ग आहे का? फाइल रिस्टोअर होस्टसाठी सुरक्षित आहे का, कारण एखाद्या प्रतीत विषाणू असू शकतो? आणि प्रती किती ठेवाव्यात?

हिंगणारोड, मंगळवार, रात्री ११.१५

जुन्या फाइलींसाठी मार्ग आहे, पण तो आडवाटेचा आहे. प्रॉक्समॉक्सबरोबर व्हीएमए नावाची एक लहान आज्ञावली येते. आधी झेडस्टँडर्डचे (फाइल दाबून लहान करण्याच्या पद्धतीचे) आवरण सोडवायचे, मग तिच्या एक्सट्रॅक्ट पर्यायाने आतल्या डिस्क कच्च्या स्वरूपात वेगळ्या करायच्या, आणि हवी ती लूप उपकरण म्हणून (फाइललाच डिस्क समजून) फक्त वाचण्यापुरती जोडून आतली फाइल उचलायची. व्हर्च्युअल मशीन तयार करावे लागत नाही, पण डिस्कइतकी जागा मात्र लागते. तुमच्या त्या रात्रीचा त्रास यामुळे फार कमी झाला नसता.

फाइल रिस्टोअरचे उत्तर समाधानकारक आहे. बटण दाबल्यावर होस्ट एक अगदी छोटे मदतनीस व्हर्च्युअल मशीन सुरू करतो, बॅकअपमधली डिस्क त्याला केवळ वाचण्यापुरती जोडतो आणि तुम्हाला फोल्डरांची उतरंड दाखवतो. म्हणजे परक्या फाइल सिस्टीमला होस्टचा कर्नल (प्रणालीचा गाभा) हातही लावत नाही. काही वेळ वापर झाला नाही तर ते मशीन आपोआप बंद होते. एनटीएफएस, ईएक्सटी४, एलव्हीएम (डिस्कवर डेटा मांडण्याच्या विंडोज-लिनक्सच्या पद्धती) हे सारे त्यात उघडते. निवडलेली एकच फाइल जशीच्या तशी उतरते. फोल्डर निवडला तर झिप किंवा टार स्वरूपात मिळतो.

याच्या मर्यादाही आधी सांगून ठेवतो. बिटलॉकर किंवा तत्सम कूटबद्ध ड्राइव्ह त्यात उघडत नाही, कारण किल्ली मशीनच्या आत असते. झिपमधून एनटीएफएसच्या परवानग्या येत नाहीत. कोणाला कोणता फोल्डर दिसावा ही रचना हवी असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही. तेव्हा प्रत नव्या क्रमांकाच्या मशीनवर उतरवावी, त्याचे नेटवर्क जोडू नये, आणि त्यातली डेटाची डिस्क मूळ मशीनला जादा ड्राइव्ह म्हणून जोडून परवानग्यांसह नक्कल करून घ्यावी. दोन डिस्कची ओळख एकच असल्यामुळे विंडोज दुसरी डिस्क ‘ऑफलाइन’ दाखवील. डिस्क व्यवस्थापनातून ती ऑनलाइन करता येते.

आणि आख्खे मशीनच गेले असेल, व कार्यालय खोळंबले असेल, तर लाइव्ह रिस्टोअर लक्षात ठेवावा. त्यात मशीन आधी सुरू होते आणि मागाहून डिस्क भरत जाते. चाल मंद असते, आणि मध्येच नेटवर्क तुटले तर तोवर नव्याने लिहिलेले हातचे जाते, म्हणून निकड असेल तरच तो वापरावा.

लेखापरीक्षक_रामदासपेठ, बुधवार, सकाळी ९.४०

मी तंत्रज्ञ नाही, सीए आहे; प्रती किती ठेवाव्यात या प्रश्नावर आमच्या बाजूने लिहितो.

आमच्या कामात एखादी फाइल सप्टेंबरअखेरीस लेखापरीक्षण अहवालाच्या मुदतीसाठी उघडली जाते आणि त्यानंतर पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. म्हणून ‘महिनाभराच्या प्रती पुरेत’ हा हिशेब सीए कार्यालयात लागू पडत नाही. पुसलेले कधी लक्षात येईल, यावर प्रतींचा कालावधी ठरवावा.

कायद्याचेही पाहू. कंपन्यांच्या हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवला पाहिजे, असा कंपनी लेखा नियमांतील बदल ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. त्याआधी ‘दररोज’ऐवजी ‘ठरावीक कालांतराने’ असे शब्द होते. हे बंधन कंपन्यांवर आहे, सीएंच्या भागीदारी फर्मवर नाही. तथापि ज्या कंपन्यांची पुस्तके तुमच्याच सर्व्हरवर आहेत त्यांच्यापुरता हा प्रश्न तुमच्या दारी येतोच, आणि तिथे तुमचा आठवड्याचा बॅकअप अपुरा ठरतो. कंपन्यांना पुस्तके आठ आर्थिक वर्षांची, आणि वस्तू व सेवा कराचे अभिलेख वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

मात्र आठ वर्षांची जपणूक व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपवर सोपवू नये, असे माझे मत आहे. आठ वर्षांपूर्वीचे विंडोज उभे करून त्यात त्या काळचे टॅली चालवून पाहणे हा भलताच उद्योग होईल. वर्ष बंद झाले की त्या वर्षाचा डेटा आणि पीडीएफ वेगळ्या ठिकाणी काढून ठेवावे. ते संग्रहाचे काम आहे आणि त्याचा हिशेब वेगळा मांडावा.

महालकर, बुधवार, दुपारी १.३०

लेखापरीक्षकांच्या मुद्द्यावर आकडे बसवून पाहतो. दुपारी दीडला जेवणाच्या सुट्टीत एक आणि रात्री साडेआठला एक, असे दोन बॅकअप घ्यावेत. ठेवण्याच्या नियमात शेवटच्या ६ प्रती, रोजच्या ३०, आठवड्याच्या ८ आणि महिन्याच्या १४ असे द्यावे. नियम ओळीने लागतात: आधी शेवटच्या सहा, म्हणजे तीन दिवसांच्या दुपार-रात्रीच्या दोन्ही प्रती, त्याहून जुन्यांमधून प्रत्येक दिवसाची शेवटची एक अशा तीस, त्याहून जुन्यांमधून आठवड्याच्या आठ, आणि मग महिन्याच्या. प्रत्येक नियम आधीच्या नियमाने राखलेल्या काळाच्या मागे जाऊन मोजू लागतो, म्हणून एकूण पल्ला वाटतो त्याहून लांब जातो. प्रॉक्समॉक्सने यासाठी प्रून (नियमाबाहेरच्या जुन्या प्रती छाटणे) कसा होईल हे दाखवणारा सिम्युलेटरही दिला आहे. त्यात आकडे घालून कोणत्या तारखा उरतात ते आधी पाहून घ्यावे.

हे सांगितल्यावर हमखास येणारा प्रश्न आधीच निकालात काढतो. प्रून केल्यावर प्रतींची यादी लहान होते, पण जागा मोकळी होत नाही. कारण एक तुकडा अनेक प्रतींच्या वाट्याचा असतो. जागा सोडवण्याचे काम गार्बेज कलेक्शनचे आहे: ते आधी वापरात असलेले तुकडे खुणावते आणि मग बिनवारशी तुकडे काढते, तेही शेवटच्या वापराला २४ तास ५ मिनिटे होऊन गेलेलेच. फाइलीच्या वापराची वेळ लिनक्स दिवसातून एकदाच बदलतो, म्हणून ही चोवीस तासांची सावधगिरी आहे. डिस्क भरली म्हणून घाईने प्रती पुसून, जागा का सुटली नाही असे विचारणारे आठवड्यातून एक तरी भेटतात. रोज प्रून, आठवड्यातून एकदा गार्बेज कलेक्शन, आणि साठा ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाऊ न देणे एवढे पाळले तर ती वेळ येत नाही.

साठ्याची डिस्क शक्यतो एसएसडी असावी. तुकडे म्हणजे लाखो लहान फाइली असतात. फिरत्या डिस्कवर बॅकअप होऊन जातो, पण गार्बेज कलेक्शन, पडताळणी आणि रिस्टोअर यांची चाल बसते.

बर्डीवाला, बुधवार, दुपारी ४.१५

महालकरांचा टोला मान्य आहे. आमच्याकडे प्रॉक्समॉक्सऐवजी व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती आहे, म्हणून बॅकअपची साधने तिला जोडताच येत नव्हती आणि स्नॅपशॉटवर निभावत होतो. आम्ही काय करावे?

हिंगणारोड, बुधवार, संध्याकाळी ७.००

मोफत ईएसएक्सआयमध्ये बॅकअपसाठीचा एपीआयच (बाहेरच्या साधनांनी जोडून घेण्याचा मार्ग) बंद असतो, त्यामुळे व्हीमसारखी साधने तिथे बाहेरून मशीनचा बॅकअप घेऊ शकत नाहीत. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद केली आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दिली; अशा हेलकाव्यांवर दुकान सोपवणे मला तरी पटत नाही. तोवर प्रत्येक मशीनच्या आत एजंट बसवून बॅकअप घ्यावा. व्हीमची कम्युनिटी आवृत्ती दहा वर्कलोडपर्यंत (ढोबळमानाने दहा मशीनपर्यंत) मोफत आहे, आणि पुढे प्रॉक्समॉक्सवर आलात तरी तिचा उपयोग होईल, कारण १२.२ या आवृत्तीपासून, २०२४ मध्ये, तिने प्रॉक्समॉक्सलाही आधार दिला. यापुढचे मात्र वेगळ्या धाग्यात बोलू. इथे धागाकर्त्यांची बाहेरची प्रत राहिली आहे.

अंबाझरीकाठ, बुधवार, रात्री ९.५०

बाहेरच्या प्रतीवर मी लिहितो, कारण तो धडा मी पाण्यात उभा राहून घेतला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी बर्डीच्या बस स्थानकापर्यंत पसरले. आमचे कार्यालय तळमजल्यावर होते. सर्व्हर आणि बॅकअपचे मशीन एकाच कपाटात, एकावर एक. वरचे मशीन कोरडे राहिले, यात आमच्या नियोजनाचा वाटा काहीही नव्हता.

त्यानंतर दुसरा बॅकअप सर्व्हर एका भागीदारांच्या मनीषनगरच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर ठेवला. पहिल्या वेळी सगळा डेटा घरगुती ब्रॉडबँडवरून ओढत बसण्यापेक्षा ते मशीनच दोन दिवस कार्यालयात आणून तिथल्या नेटवर्कवर पहिला सिंक (एका सर्व्हरच्या प्रती दुसऱ्यावर उतरवून घेणे) करून घेतला आणि मग परत नेले. आता रोज रात्री केवळ नवे तुकडे जातात.

सिंक ‘पुल’ पद्धतीने ठेवला आहे, म्हणजे घरचा सर्व्हर कार्यालयाकडून ओढून घेतो आणि कार्यालयातल्या कोणत्याही मशीनकडे घरच्या सर्व्हरचा पासवर्ड नाही. कार्यालयात खंडणीखोर विषाणू शिरला तरी त्याला तिथवर जाण्याची वाट नाही. मूळ ठिकाणी पुसलेल्या प्रती इथेही पुसण्याची जी खूण असते ती केलेली नाही. घरचा प्रून घरच्याच नियमाने चालतो. कार्यालयातही होस्टला बॅकअप सर्व्हरचा रूट पासवर्ड देऊ नये. एपीआय टोकन (मर्यादित अधिकारांची वेगळी ओळख) तयार करून त्याला ‘डेटास्टोअर बॅकअप’ ही भूमिका द्यावी: तिच्याने प्रत ठेवता येते आणि उतरवता येते, पण प्रून करता येत नाही. होस्ट हाती लागलेल्या माणसाला जुन्या प्रती पुसता येऊ नयेत, हा त्यातला हेतू आहे.

पक्षकारांचा डेटा घरी जाणार म्हणून कूटबद्धता लावली. तुकडे होस्टवरच कूटबद्ध होऊन निघतात, त्यामुळे मशीन चोरीला गेले तरी आतले वाचता येत नाही. पण किल्ली हरवली तर आपल्यालाही येत नाही, आणि ती किल्ली ज्या होस्टवर असते तोच बुडाला तर पुढे काय, हा प्रश्न आम्हाला पुराच्या आधी सुचला नव्हता. किल्ली कागदावर छापून घेण्याची सोय त्यातच आहे. एक कागद बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक भागीदारांकडे ठेवला आहे.

जाता जाता एक सांगतो. ते घरचे मशीन गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना त्या खोलीत काय होते, हे नागपूरकरांना सांगायला नको.

धंतोलीकर (धागाकर्ता), तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी ३.२५

उशिरा लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

बॅकअपसाठी वेगळे मशीन घेतले, त्यात एसएसडीचा साठा केला. तिन्ही मशीनवर एजंट बसवले; महालकरांनी सांगितले नसते तर मी पूर्ण बंद-चालू केले नसते आणि फसलो असतो. ठेवण्याचे नियम त्यांच्याच आकड्यांनी लावले, फक्त महिन्याच्या १४ ऐवजी १६ केल्या, कारण आमच्याकडे काही पक्षकार जुलैतही येत नाहीत. दर रविवारी पडताळणीचे काम चालते. ते साठवलेल्या तुकड्यांची पडताळणी-संख्या (चेकसम) पुन्हा मोजून डिस्कवर काही सडले तर कळवते. वगळलेल्या दोन्ही डिस्कवर खूण केली आहे आणि कामाच्या तपशिलाचे पान दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी छापून फाइलला लावायचे ठरवले आहे.

काल प्रत्यक्ष चाचणी घेतली. नऊ दिवसांपूर्वीच्या रात्रीच्या प्रतीतून त्याच धान्य व्यापाऱ्यांच्या कंपनीचा फोल्डर फाइल रिस्टोअरने काढला. शोधण्यापासून झिप हातात येईपर्यंत चहा निवायच्या आत काम झाले. फोल्डर मूळ जागी न टाकता वेगळ्या मार्गावर ठेवला, टॅलीत तो मार्ग देऊन कंपनी उघडली, आणि त्या दिवशीची तेरीज (ट्रायल बॅलन्स) छापील प्रतीशी ताडून पाहिली. जुळली.

हजेरीच्या मशीनवर मात्र अडलो. तिथे पूर्वी कोणीतरी बिटलॉकर लावलेला आहे आणि हिंगणारोड यांनी म्हटल्याप्रमाणे आत काही दिसेना. ते मशीन नव्या क्रमांकाने उतरवले, नेटवर्क तोडून सुरू केले, तर त्याने रिकव्हरी की मागितली. ती कार्यालयात कोणाकडेच नाही. मूळ मशीन अजून सुरू आहे, म्हणून आत शिरून किल्ली काढून घेतली आणि कागदावर उतरवली. ते मशीन बिघडल्यावर ही गोष्ट कळली असती तर त्याचे सगळे बॅकअप असून नसल्यासारखे झाले असते.

बाहेरच्या प्रतीसाठी दुसऱ्या मशीनची मंजुरी मिळाली आहे. ते साहेबांच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी पहिल्या मजल्यावर, जिन्याखालच्या थंड खोलीत राहील. पहिला सिंक अंबाझरीकाठ यांच्या पद्धतीने कार्यालयातच उरकतो आहे. किल्लीचा कागद लॉकरमध्ये गेला.

कळमन्याच्या मुनीमजींनी आज फोन करून आपला पेनड्राइव्ह परत मागितला. सोमवारी पोचवतो.